एकांड्या डोंगरांच्या मुलखात

दिवाळी आली की आपल्याकडे पोरे अंगणात किल्ला करतात. दगडविटा रचायच्या, वर जुने पोते पसरायचे, त्यावर चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि शिखरावर सिंहासनासह महाराज बसवायचे. डोंगर कसा होतो याविषयीची मराठी माणसाची कल्पना बहुधा याच वयात पक्की होते. खाली सपाटी असते आणि कुणीतरी तिच्यावर भर घालतो. सह्याद्रीपुरती ही कल्पना अगदीच टाकाऊ नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेल्या शिलारसाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा काळा पाषाण झाला आणि मग पावसापाण्याने त्यांतून दऱ्या कोरल्या. राजगड-तोरण्याच्या कड्यांवर हे थर पोळीच्या चवडीसारखे आजही मोजता येतात. शिवाय आमचे डोंगर एकत्र कुटुंबातले. एकाची सोंड दुसऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्याची धार तिसऱ्याच्या पायथ्याशी. एकटादुकटा राहणे त्यांना माहीतच नाही.

परंतु जगात असेही डोंगर आहेत की ज्यांच्यावर कुणी कधी भर घातलेली नाही. उलट त्यांच्या भोवतालचे सारे कुणीतरी काढून नेले आणि ते तेवढे मागे राहिले. ताटासारखी सपाट जमीन, मैलोगणती चढ ना उतार, आणि मध्येच एक प्रचंड उघडा खडक आकाशात घुसलेला. ना त्याला मागे रांग, ना पुढे. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन एकटाच चाकरीला येणारा एकांडा शिलेदार असे. त्याच्याच जातीचे हे डोंगर. गेल्या वर्षी त्यांच्या मुलखात आठ दिवस हिंडण्याचा योग आला, त्याची ही हकीगत.

मराठीच्या प्राध्यापकाला दगडांशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. माझे कर्तव्य एका ओळीपुरते होते. भाषेच्या इतिहासाचा तास घेताना दर वर्षी मी फळ्यावर श्रवणबेळगोळच्या शिलालेखाची ओळ लिहितो. वीस वर्षे लिहितो आहे. जी ओळ शिकवण्यावर आपला संसार चालला ती एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढाच माझा हेतू. बाकीचे सारे आमच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांमुळे घडले. मी तिकडे निघालो आहे हे कळताच त्यांनी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर लिहिले होते: “पाटा-वरवंटा पुणे ते सोलापूर. फरशी शहाबाद. ओटा हिंदुपूरच्या पुढे.”

“हा काय बाजाराचा हिशेब?” मी विचारले.

“हा तुमच्या वाटेतला भूगोल,” ते म्हणाले. “स्वयंपाकघरातले सगळे दगड रुळांच्या कडेला ओळीने मांडलेले आहेत. खिडकीशी बसा म्हणजे झाले.”

आणि खरोखरच तसे होते. दुपारी पुण्याहून सुटलेली बंगलोरची गाडी दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर करीत काळ्या मातीतून धावत होती. ही माती काळ्या पाषाणाची लेक, आणि पाटे-वरवंटे, जाती, देवळांच्या पायऱ्या, सारी त्याच पाषाणाची. अंधार पडल्यावर शहाबाद गेले. ज्या फरशीवर आमच्या दोन पिढ्या रांगल्या ती इथे जमिनीखाली वह्यांच्या गठ्ठ्यासारखी थराथराने पडलेली असते, हे ऐकून आमच्या कन्येने मोठ्या आदराने काळोखात पाहिले. मग सारे झोपले. पहाटे मला जाग आली तेव्हा आंध्रची सीमा ओलांडून गाडी कर्नाटकात शिरत होती, आणि खिडकीबाहेरचे जग बदलले होते. काळी माती गेली होती. तांबूस जमिनीत भाताची खाचरे, नारळीची झाडे, आणि त्यांच्या मधूनच धुक्यातून वर आलेले गुळगुळीत, करड्या रंगाचे, बोडके डोंगर. मकळीदुर्ग नावाच्या छोट्या स्टेशनापाशी तर एक डोंगर रुळांच्या इतका जवळ आला की त्याच्या माथ्यावरची तटबंदी दिसली. चिरंजीव वरच्या बर्थवरून डोके खाली लोंबकळवून म्हणाले, “बाबा, हे धोंडे इथे कुणी आणून टाकले?”

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि त्याचे उत्तर “कुणीच नाही” असे आहे. आमच्या प्राध्यापकमित्रांनी ते मला जसे समजावले तसेच सांगतो. हा दगड म्हणजे ग्रॅनाइट आणि त्याचे भाऊबंद. दक्षिणेतला पुष्कळसा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्यापुढे आमचा सह्याद्री कालचे पोर. हा खडक पृथ्वीच्या पोटात खोलवर थिजला. त्याला उभ्याआडव्या भेगा पडल्या, पण सगळीकडे सारख्या नव्हेत. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे मुळीच नाहीत. पावसाचे पाणी जमिनीत मुरते ते या भेगांतून. जिथे भेगा दाट, तिथे ते खडकाला आतून कुजवते आणि त्याचा मुरूम करून टाकते. जिथे खडक एकसंध, तिथे पाण्याला दारच सापडत नाही. असे लक्षावधी वर्षे जमिनीखाली चालते. मग कधीतरी ओढे-नाले तो मुरूम हळूहळू धुऊन नेतात, जमिनीची पातळी खाली खाली जाते आणि न कुजलेला गाभा उघडा पडतो. चिक्की तोंडात धरली की गूळ विरघळतो आणि दाणे वर येतात, तसे. डोंगर वर चढलेला नसतो, सभोवारची जमीन खाली उतरलेली असते.

आणि ते गोल गरगरीत धोंडे? खडीसाखरेचा चौकोनी खडा पाण्यात टाकून पाहा. आधी कोपरे जातात, मग कडा, आणि शेवटी गोल गोटी उरते. जमिनीखाली मुरमात बुडालेल्या चौकोनी ठोकळ्यांचे हेच होते. वरचे ओझे उतरले की मोठ्या खडकाचे कांद्यासारखे पापुद्रेही सुटतात, त्यामुळे माथा घुमटासारखा दिसतो. विल्हेल्म बोर्नहार्ट नावाच्या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेत असे डोंगर पाहिले आणि १९०० साली त्यांना आपल्या भाषेत ‘इन्सेलबेर्ग’ म्हटले. इन्सेल म्हणजे बेट, बेर्ग म्हणजे डोंगर. गवताच्या समुद्रातली ही बेटेच की! जगभर ती विखुरलेली आहेत. ब्राझीलमध्ये रिओ शहराच्या समुद्रकाठी ३९६ मीटर उंचीचा ‘शुगरलोफ’ आहे. लंकेत सिगिरिया आहे, त्याच्या माथ्यावर पाचव्या शतकात काश्यप राजाने राजवाडा बांधला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर उलुरू आहे. तो ग्रॅनाइटचा नाही, वालुकाश्माचा आहे, पण एकांडेपणात त्याचा हात कुणी धरणार नाही.

बंगलोरला आम्ही फार रेंगाळलो नाही. लालबागेतल्या खडकावर मात्र चढलो, कारण तो ३०० कोटी वर्षांचा मानतात आणि इतक्या वडीलधाऱ्याला भेटल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. पुढे म्हैसूर रस्त्यावर रामनगरचे धोंडे लागले. मुले ओरडलीच, कारण ‘शोले’तले रामगढ ते हेच. तो चित्रपट १९७५ सालचा, पण गब्बर ज्या खडकावर येरझाऱ्या घालतो ते खडक त्याच्याहून थोडे जुने आहेत एवढेच चिरंजिवांना सांगितले.

श्रवणबेळगोळ दोन टेकड्यांच्या मधल्या तळ्याकाठी वसलेले आहे. ‘बेळ-गोळ’ म्हणजे कानडीत पांढरे तळे. या बेटांच्या पायथ्याशी तळे असायचेच, हे नंतर जागोजाग दिसले. उघड्या खडकात पाऊस मुरत नाही, तो सगळा घसरून पायथ्याला येतो. म्हणून कोरड्या मुलखातही एकांड्या डोंगराभोवती झाडी दाट, विहिरींना पाणी आणि म्हणून वस्ती. धाकटी टेकडी चंद्रगिरी. चंद्रगुप्त मौर्याने राज्य सोडून इथे येऊन उपोषणाने देह ठेवला अशी जैन परंपरा आहे. थोरली विंध्यगिरी. ती पायथ्यापासून सुमारे ४७० फूट उंच आहे, आणि साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या तिच्या उघड्या खडकातच कोरलेल्या आहेत.

चढायचे ते अनवाणी. खाली चपला ठेवल्या, आणि नऊ वाजताच तापू लागलेल्या त्या खडकावर पाय टाकताच माझ्या लक्षात आले की डोंगराची ओळख तळव्यांनी होते ती डोळ्यांनी होत नाही. सह्याद्रीत पाय मातीवर, गवतावर, घसाऱ्यावर पडतो. इथे तुमच्यात आणि अडीचशे-तीनशे कोटी वर्षांत मध्ये काही नसते. आमच्या सौभाग्यवती मात्र धोरणी. त्यांनी पायमोजे आणले होते.

डोंगरावर कसे जावे हा प्रश्न तसा साधा नाही. उलुरूच्या पायथ्याशी अनंगु लोक हजारो वर्षे राहत आले आहेत. तो खडक त्यांना पवित्र, आणि त्यावर चढू नये असे त्यांचे म्हणणे. तरी साखळी धरधरून प्रवासी चढतच होते. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने तो खडक अनंगु लोकांच्या हवाली केला आणि त्यानंतर बरोबर ३४ वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, चढाई कायमची बंद झाली. आता लोक त्याची प्रदक्षिणा करतात. सुमारे साडेनऊ किलोमीटरांचा घेर आहे. इथे चढायला सांगतात, तिथे चढू नका म्हणतात. पण चपला काढणे आणि पायथ्याला थांबणे यांत फरक किती? दोन्हीकडे मागणी एकच असते, की हा दगड तुझ्या पायांसाठी ठेवलेला नाही.

माथ्यावर गोमटेश्वर. सत्तावन्न फुटांची ती मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजा राचमल्ल याचा मंत्री चावुंडराय याने करवली. फोटोंतून शेकडो वेळा पाहिली होती, तरी प्राकाराच्या दारातून आत पाऊल टाकले आणि मान आपोआप मागे गेली. पायांशी वारुळे, मांड्यांवरून आणि दंडांवरून चढलेल्या वेली, आणि त्या सगळ्याची गंधवार्ताही नसलेला शांत चेहरा. ही मूर्ती खाली घडवून वर चढवलेली नाही, माथ्याच्या खडकातूनच ती काढली असे मानतात. म्हणजे शिल्पकारांनी तरी काय केले? जे नको होते ते काढून टाकले आणि जे उरले त्याला हात जोडले. पावसाने कोट्यवधी वर्षांत सपाटीवर जे काम केले तेच माणसांनी छिन्नी घेऊन माथ्यावर पुढे चालवले.

मग मी माझी ओळ शोधू लागलो. तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी, मी पुण्याचा हे कळताच, न विचारता मूर्तीच्या पायांकडे बोट केले. कठड्याच्या अलीकडून, वाकून, ती दिसली. “श्री चावुण्डराजें करवियलें.” तीन शब्द. आसपास कानडी आणि तमिळ लेखही हेच सांगतात. राजाला ‘एं’ लावून केलेली तृतीया, करणेचे प्रयोजक रूप. आज मी तुम्ही बोलतो त्याच वळणाचे वाक्य. खाली आणखी एक ओळ, गंगराजाने भोवतीचा प्राकार करवला अशी. हा गंगराज होयसळांचा सेनापती, बाराव्या शतकाच्या आरंभीचा. त्यामुळे दोन्ही ओळी त्याच्याच काळी, १११७ च्या सुमारास कोरल्या असे पुष्कळ अभ्यासक मानतात आणि ‘पहिला मराठी लेख’ हा मान अलिबागजवळच्या आक्षीच्या १०१२ सालच्या शिलालेखाकडे जातो. वर्गात हा वाद मी तावातावाने सांगतो. तिथे उभा असताना मात्र तो वाद मला आठवला आणि लगेच मावळला. नऊशे वर्षांपूर्वी, कानडी मुलखाच्या मध्यावर, एका जैन मूर्तीच्या पायांशी कुणाला तरी मराठीतही लिहावेसे वाटले. म्हणजे मराठी वाचणारे यात्रेकरू येथवर येत असले पाहिजेत. त्यांचे तांडे, त्यांची गाणी, त्यांची गावे, सारे वाहून गेले. हे तीन शब्द कठीण जागी पडले म्हणून राहिले.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पाठ आहे ना तुम्हांला ते? मग चला आता, खडक तापतोय.”

* * *

बंगलोरहून रात्रीच्या बसने आम्ही तमिळ देशात उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुवण्णामलैहून जिंजीला निघालो. अंतर चाळीस किलोमीटरांच्या आतले. तिथल्या लोकांचे हे ‘सेंजी’, आपल्या जुन्या कागदांतले ‘चंदी’. शाळेच्या पुस्तकात जिंजीचा वेढा दोन ओळींत आटोपतो, आणि आपली समजूत अशी होते की जिंजी म्हणजे दक्षिणेतला एखादा पन्हाळा. बस एका वळणावर आली आणि समोर जे दिसले त्याचे आमच्या कुठल्याच किल्ल्याशी नाते नव्हते. भाताच्या हिरव्या सपाटीतून तीन डोंगर वेगवेगळे वर आलेले. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी. एखाद्या राक्षसाच्या पोराने गोट्या खेळता खेळता ढीग करून टाकावेत तसे धोंड्यांवर धोंडे. आणि या तिघांना बांधणारी, सपाटीवरून धावणारी, सुमारे तेरा किलोमीटरांची तटबंदी. निसर्गाने वेगळे ठेवलेल्या तिघांना माणसांनी एका दोरीत ओवले, तेव्हा किल्ला झाला.

राजगिरी सर्वांत उंच, पायथ्यापासून सुमारे ८०० फूट. खालच्या कोटात आठ मजल्यांचा कल्याणमहाल आहे, धान्याची कोठारे आहेत, हत्तींसाठी बांधलेले तळे आहे. एका कडेला खडकावर ठेवल्यासारखा एक अजस्र धोंडा आहे, आतून पोकळ. तिला कैद्यांची विहीर म्हणतात. माणसाला वरून आत सोडायचे आणि विसरून जायचे. कन्येने ती पाहिली आणि पुढचा अर्धा तास कुणाशी बोलली नाही.

चढण सुरू झाली. पायऱ्या उंच, वाटेत माकडांच्या टोळ्या, आणि दर वळणावर एक दरवाजा. सह्याद्रीत किल्ल्याचा कडा तुटलेला असतो, तासल्यासारखा. इथे कडा नाही, नुसता घुमट. त्याला धरायला खाच नाही, पाय रोवायला झुडूप नाही. माथ्याच्या अलीकडे डोंगरच चिरला आहे. चोवीस फूट रुंद आणि साठ फूट खोल अशी ती घळ, तिच्यावर पूल. पूर्वी तो काढून घेता येई. पूल ओढला की वरचा माथा जगापासून सुटला. वर पाणी होते, कोठारे होती, रंगनाथाचे देऊळ होते. त्या पुलावर उभा राहिलो तेव्हा वेढा इतकी वर्षे कसा चालला ते एका नजरेत कळले.

१६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी हा किल्ला विजापूरकरांकडून घेतला आणि त्याची तटबंदी मजबूत केली. रायगडापासून इतक्या दूरचा हा खडक त्यांनी कशासाठी एवढा निगुतीने सांभाळला, याचे उत्तर बारा वर्षांनी मिळाले. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीराजांची हत्या झाली, नोव्हेंबरात रायगड पडला. राजाराम महाराज वेषांतर करून, केळदीच्या राणी चन्नम्माच्या मुलखातून, तिच्या मदतीने वाट काढत जिंजीला पोचले. १६९० पासून झुल्फिकारखानाचा वेढा पडला. महाराष्ट्रात रामचंद्रपंत आणि शंकराजी नारायण, आणि बाहेरून संताजी-धनाजी. १६९३ च्या आरंभी तर खुद्द वेढा घालणाऱ्यालाच वेढा पडल्यासारखे होऊन त्याला वांदिवाशला मागे सरावे लागले. तो परत आला. अखेर १६९८ च्या आरंभी किल्ला पडला, पण राजाराम महाराज त्याआधीच निसटून विशाळगडाकडे गेले होते. ही सगळी वर्षे औरंगजेबाचे सैन्य, पैसा आणि आयुष्य दक्षिणेत अडकून पडले. सगळीकडून पूर आलेला असताना मराठी राज्याची गादी या खडकावर कोरडी राहिली.

माथ्यावर वारा भणाणत होता. खाली तीनही डोंगर, तट, तळी आणि दूरवर आणखी किती तरी एकांडे डोंगर धुरकट दिसत होते. पुरातत्त्व खात्याचा एक पहारेकरी सावलीत बसला होता. मोडक्या हिंदीत त्याने विचारले, “कुठून आलात?” मी महाराष्ट्र म्हणताच तो हसला. “राजाराम,” तो म्हणाला, आणि मग अभिमानाने पुढे म्हणाला, “पण आमचा देसिंगु राजा!” देसिंगु म्हणजे तेजसिंग, बुंदेला रजपूत. अर्काटच्या नबाबाशी १७१४ साली लढताना तो तरुणपणीच पडला, आणि तमिळ खेड्यांतून अजून त्याचे पोवाडे गातात. म्हणजे ज्या खडकाला मी मनातल्या मनात ‘आपला’ म्हणत होतो तो विजयनगरच्या नायकांचाही, विजापूरचाही, मोगलांचाही, रजपुताचाही. पुढे १७५० त फ्रेंचांचा आणि १७६१ त इंग्रजांचा. साऱ्यांनी त्याला आपले म्हटले, त्याने कुणालाच म्हटले नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा हा. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांत पोरे राजगड करतात, प्रतापगड करतात. जिंजी कुणी केलेला मी पाहिला नाही.

* * *

जाताना रात्र होती, म्हणून एक गोष्ट दिसली नव्हती. परतताना कृष्णगिरीच्या वाटेवर ती भर दुपारी दिसली. एका एकांड्या डोंगराचा निम्मा भाग जागेवर होता आणि निम्मा नव्हता. वाढदिवसाचा केक सुरीने कापावा तसा सरळ, चकचकीत, उभा छेद. पायथ्याशी पांढरी धूळ, यंत्रांची घरघर, आणि एकेका मालमोटारीवर एकेकच ठोकळा, खोलीएवढा. रस्त्याकडेला कारखान्यांतून त्याच दगडाच्या लाद्या उभ्या रचून ठेवलेल्या. पॉलिश केलेल्या.

बराच वेळ आमच्यात कुणी बोलले नाही. मग सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “अहो, आपला ओटा कुठल्या डोंगराचा असेल हो?”

मला उत्तर देता आले नाही. आमच्या मित्रांच्या कागदावरची तिसरी नोंद मात्र आठवली.

दगड माणसाने आज फोडायला घेतलेला नाही. जिंजीचे तट त्याच डोंगराच्या दगडाचे आहेत, श्रवणबेळगोळच्या पायऱ्याही. रांगेत भोके पाडून, पाचरी ठोकून दगड काढल्याच्या खुणा या मुलखात जागोजाग दिसतात. पण पूर्वी डोंगर फोडून जे होई ते त्या डोंगरावरच राही, आणि हातांची गती डोंगराच्या पचनी पडण्यासारखी होती. आता तारेच्या करवतीने जे एका मोसमात जाते ते अडीचशे कोटी वर्षे टिकलेले असते. झाड तोडले तर लावता येते, नदी आटली तर एखाद्या पावसाळ्यात भरते. हे डोंगर पुन्हा व्हायचे नाहीत. डोंगराबरोबर पायथ्याचे पाणी जाते, कपारींतली घुबडे-गिधाडे जातात, आणि अशा खडकांवर माणसांनी जे काही लिहून ठेवले असेल तेही जाते. विंध्यगिरीच्या माथ्यावर गोमटेश्वर नसता, तर तिच्या लाद्या एव्हाना कुणाच्या स्वयंपाकघरात असत्या, कोण सांगेल? आणि माझे तीन शब्द?

दुसऱ्या बाजूला त्या खाणींवर हजारो घरांच्या चुली पेटतात, हेही खरे. धुळीत उभ्या असलेल्या त्या पोरांना डोंगराच्या वयाचे कौतुक सांगायला मी धजलो नसतो. मार्ग निघतो तो तिथल्याच माणसांनी काढला तर. मदुरेजवळ अरिट्टापट्टी नावाचे गाव आहे. तिथे अशा सात टेकड्यांवर दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आणि जैन मुनींच्या शय्या आहेत, पायथ्याला तळी आहेत. गावकरी त्यांसाठी भांडत राहिले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तमिळनाडू सरकारने तो परिसर जैवविविधतेचा वारसा म्हणून जाहीर केला. राज्यातला तो पहिलाच. पुढे त्याच बाजूला टंगस्टनच्या खाणीचा लिलाव झाला, तेव्हा गावेच्या गावे रस्त्यावर आली आणि २०२५ च्या जानेवारीत केंद्र सरकारला तो रद्द करावा लागला. टेकड्या आज जागेवर आहेत. आपण पुण्या-मुंबईची माणसे तिकडे जाऊन काय करणार? पण निदान जाऊन पाहावे. ज्याला माणसे पाहायला येतात त्याच्यावर सुरुंग लावताना कुणाचा तरी हात क्षणभर अडखळतो.

जाल तर नाताळच्या सुट्टीत जा, उन्हाळ्यात खडक पाय ठेवू देत नाही. श्रवणबेळगोळला सकाळी सातच्या आत चढायला लागा आणि पायमोजे विसरू नका. जिंजीला बरोबर पाणी घ्या, केळी घेऊ नका. ती माकडांना आधी दिसतात. राजगिरीवर दुपार कलल्यावर सोडत नाहीत, तेव्हा सकाळ तिच्यासाठी ठेवा. आणि गाडीत खिडकीची जागा मुलांना द्या.

आम्ही घरी आलो त्याच आठवड्यात धाकटा मेहुणा आला. त्याचे नवे घर होते आहे. बहिणीला स्वयंपाकघराचा नकाशा दाखवीत त्याने विचारले, “ताई, ओट्याला कुठला ग्रॅनाइट घालू? काळा की तांबडा?”

ही पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, “शहाबादी घाल की. ती निदान जमिनीखालून येते.”

मेहुणा हसला. त्याने काय घालायचे ते अजून ठरवलेले नाही.